अकरा किलोमीटर, अडतीस मिनिटं

आठवड्यातून एकदा व्हायची ती रुळाखालच्या खडीची ठोकणी आता रोज करायची, असा हुकूम आला त्या सकाळी घराचं दार पुन्हा अडकलं होतं. पावसाळा लागला की त्या दाराला हीच खोड. जमीन पाणी प्याली की फुगायची, उंबरा वर यायचा आणि दार निम्म्यात रुसून बसायचं. चावीवालीच्या दिरानं खांदा लावला, तिनं खालून पहार घातली, तेव्हा कुठं माणूस तिरका होऊन बाहेर पडेल एवढी फट झाली.

"ह्या खेपेला रंधा मारून टाकू, वहिनी," दीर म्हणाला.

"दरवर्षी रंधाच मारतोय. अजून दोन वर्षांनी दारच उरायचं नाही."

आतून म्हातारा खोकला. त्याला निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी रेल्वेच्या गँगमधली माणसं त्याला मुकादमच म्हणत. सुनेनं 'आबा' म्हटलेलं त्याला कधी कधी ऐकू जात नसे, पण कुणी लांबून 'मुकादम' म्हणून हाक मारली की गडी झटक्यात मागं वळायचा.

घर रुळांना लागूनच होतं. सरकारी, दोन खोल्यांचं. नवरा गेला आणि त्याच्या जागी ती कामाला लागली म्हणून ते टिकलं. काम चावीवाल्याचं. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा टाकायचा, रोज आपल्या वाट्याचे रूळ पायी तपासत जायचं आणि रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर ठोकून बसवायच्या. दोन वर्षांत तिच्या उजव्या खांद्यावर घट्टा पडला होता. बाकी तिला फारसं काही लागत नसे. लोक म्हणत, बाई धीराची आहे. धीरबीर काही नव्हता. आत काही हलतच नव्हतं, एवढंच.

तिच्या वाट्याच्या पट्ट्यात गाड्या फार हळू जायच्या, तशा वेगमर्यादेच्या पाट्याच लावल्या होत्या. पुढचं स्टेशन अकरा किलोमीटरवर, आणि पॅसेंजरला वेळ दिलेली अडतीस मिनिटं. मोरीजवळचे तीनशे मीटर तर गाडी माणसाच्या चालीनं जायची. नऊ वर्षांपूर्वी एका पुरात तिथला भराव खचला होता. मग खालच्या कातळापर्यंत खणून नवा भराव घातला, आणि तो पुन्हा खचतोय का हे पाहायला मुकादमानं शेजारच्या जमिनीत एक उभा दगड रोवला. दगडावर छिन्नीनं आडवी खूण केली. तेव्हापासून रोज सकाळी त्या खुणेशी रुळाची उंची ताडून पाहायची. त्यासाठी गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली नळी होती. एकानं नळीचं एक टोक दगडाच्या खुणेशी धरायचं, दुसऱ्यानं दुसरं रुळाशी. नळीतलं पाणी काही खोटं बोलत नाही. रूळ खुणेच्या जितका खाली गेला असेल तितका आकडा वहीत लिहायचा, आणि आकडा वाढला की गँगनं रूळ उचलून खाली खडी ठोकायची.

नऊ वर्षं पावसाळ्यात आकडा वाढायचा. नऊ वर्षं गँग खडी ठोकत होती.

निवृत्त झाला तरी दगडाकडचं टोक मुकादमच धरायचा. त्याला कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी नको म्हणायची हिंमतही केली नव्हती. दगडाला टेकून उभा राहायचा आणि म्हणायचा, "पूर्वी ह्याचं डोकं माझ्या छातीला लागायचं. आता गळ्याला लागतंय. खचलो मी." गँगमधली माणसं हसायची. तीही ओठ हलवायची.

रोजच्या ठोकणीचा हुकूम आला तो आकडा एकदम चढला म्हणून. गँगला माणूस कमी होता, तेव्हा दिराला रोजंदारीवर घेतलं. त्याचे हात तोवर पंक्चर काढणाऱ्याचे होते. ठोकणीचा दांडा दिवसभर हाणून तिसऱ्या दिवशी दोन्ही तळवे फुटले. संध्याकाळी तो हात मिठाच्या पाण्यात घालून बसला, आणि म्हातारा बाजेवरून म्हणाला, "दांडा आवळून धरू नकोस. त्याला त्याच्या वजनानं पडू द्यावं. तुझा भाऊ कधी आवळायचा नाही."

चावीवालीनं भांड्यातलं पाणी बदललं.

त्याच आठवड्यात म्हातारा तापानं पडला. दगडाचं टोक धरायला माणूस उरला नाही. गँग ठोकणीत गुंतलेली, ती एकटी. पहिल्या दिवशी तिनं नळी दगडाला दोरीनं बांधून पाहिली, ती घसरून चिखलात पडली. मग तिनं आपल्या सोयीचा मार्ग काढला. दगडापासून वीस पावलांवर कातळावर बांधलेली मोरी होती, आणि मोरीच्या भिंतीत एक लोखंडी आकडी. गँगवाले तिला जेवणाचे डबे अडकवत. तिनं डबे खाली काढून ठेवले, नळीचं टोक आकडीला अडकवलं, भिंतीवर खडूनं रेघ मारली आणि रूळ मोजला. म्हटलं, आज ह्या रेघेपासून किती, उद्या किती, फरक तेवढा लिहू. काम झाल्याशी कारण.

दुसऱ्या दिवशी फरक नव्हता. तिसऱ्या दिवशी नव्हता. रात्रंदिवस पाऊस पडत होता, शेतात गुडघाभर पाणी होतं, आणि रूळ जागचा हलत नव्हता. आकडा वाढत नाही म्हणून गँग रूळ न उचलता नुसती खडी ठोकत होती. बारा दिवस असंच. तिला वाटलं, ठोकणी कामाला आली.

तेराव्या दिवशी म्हातारा उठला. डोक्याला फडकं गुंडाळून, काठी टेकत दगडाशी गेला आणि त्यानं खुणेला नळी धरली. "बघ," तो ओरडला.

तिनं पाहिलं. पट्टी पुसून पुन्हा पाहिलं.

"किती?"

"अकरा."

"अकरा मिलिमीटर खाली? मी पडलो बारा दिवस आणि अकरा? काय झोपा काढत होता काय रे सगळे?"

गँगमधली माणसं माना खाली घालून उभी राहिली. ती मात्र नळी गुंडाळत दगडाकडे बघत होती. रूळ हलला नाही हे तिनं बारा दिवस डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. मग हललं काय? रूळ आणि दगड, दोघांतलंच एक. ती खाली बसली. दगडाच्या बुडाशी मातीत बोटभर पोकळी पडली होती. तिला घरचं दार आठवलं. ही माती पाणी प्याली की फुगते आणि वर असेल ते उचलते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, भेगांत वरची माती पडते, मग उचललेल्या वस्तूला परत खाली बसायला जागा उरत नाही. दरवर्षी थोडं वर, थोडं वर. मुकादम खचला नव्हता. दगड चढला होता.

तिला राग आला नाही की हसू आलं नाही. ती हातोडा उचलून चालायला लागली. दोन किलोमीटर गेल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण एकही चावी तपासलेली नाही. ती परत फिरली आणि पहिल्यापासून सगळ्या तपासल्या.

आठ दिवस ती कुणाला काही बोलली नाही. बोलायचं म्हणजे काय बोलायचं? तिचा नवरा त्या मोरीजवळच गेला होता. दोन पावसाळ्यांमागं, असाच आकडा चढला म्हणून, ठोकताना. गाडी हळू येत होती आणि हळू येणाऱ्या गाडीचा आवाज होत नाही. उतारावर ड्रायव्हरनं इंजिनाचा जोर काढलेला, वारा उलटा, हा वाकलेला. झेंडीवाला वळणावर उभा असायला हवा होता. त्याला मुकादमानंच जॅक आणायला पिटाळलं होतं, कारण जेवणाच्या सुट्टीच्या आत आकडा शून्यावर आणायचा होता. म्हातारा त्यानंतर त्या विषयावर एक शब्द बोलला नव्हता. त्याचं जगणं एका गोष्टीवर उभं होतं, की काम जरुरीचं होतं. भराव खचत होता, गाडीत माणसं होती, ठोकायलाच हवं होतं. त्या कामात मुलगा गेला. आता त्याला जाऊन सांगायचं, की काम नव्हतंच?

ती सांगणार नव्हती. खरं म्हणजे तिनं ठरवूनच टाकलं होतं, की वहीत दगडाचा आकडा लिहीत राहायचं आणि गप्प बसायचं.

पण नवव्या दिवशी दीर वाचला तो थोडक्यात. अंगावर प्लास्टिकचा कागद, कानांवर फडकं, खाली वाकून तो दांडा हाणत होता. झेंडीवाला वळणावर होता, त्यानं शिट्टी मारलीही, पण पावसानं ती पार गिळली. ती मोरीवरून येत होती. तिला इंजिनाचं नाक दिसलं. ती ओरडली नाही, ओरडायला वेळ नव्हता. तिनं धावत जाऊन दोन्ही हातांनी त्याला ढकललं आणि दोघं खडीवरून खाली गडगडले. गाडी वरून सावकाश, कुरकुरत, डबा-डबा करत गेली. खिडकीतलं एक लहान मूल त्यांना हात करत होतं.

दीर चिखलात बसून कानांवरचं फडकं सोडत होता. "आवाजच नाही आला, वहिनी. देवाशप्पथ आवाज नाही आला."

"येत नाही," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं म्हाताऱ्याला सांगितलं. चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि समोर बसून, आवाज न चढवता सगळं सांगितलं. आकडी, खडूची रेघ, बारा दिवस, दगडाच्या बुडाची पोकळी. दीर दारात उभा होता.

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. "किती खोल रोवलाय माहीत आहे तुला?"

"नाही, आबा."

"दोन फूट. चार सांगितले होते. पण दोन फुटांवर पहार खण्ण वाजली. कातळ लागला. मी स्वतः मारली पहार. ठिणगी उडाली."

"कोणत्या महिन्यात रोवला?"

"ऐन उन्हाळ्यात," तो म्हणाला.

त्या मुलखात राहणाऱ्याला ह्यापुढं सांगायची गरज नव्हती. ऐन उन्हाळ्यात ती माती अशी वाळते की पहार मारली तर ठिणगी उडते. कातळबितळ काही नसतो. चार महिन्यांनी त्याच जागी पाय रुततो.

"साहेबांना सांगते मी," ती म्हणाली. "पाट्या निघतील, ठोकणी थांबेल. भावजींना तिथं वाकायला नको. कुणालाच नको."

"सांग," म्हातारा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. तिला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेब तरुण होता, पायांत नवे गमबूट. त्यानं तिपाईवरचं यंत्र आणलं, दोन दिवस मोजलं आणि तिचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. रूळ खचले नव्हते. उलट नऊ वर्षांच्या ठोकणीनं चार बोटं वर चढले होते. मोरीवर गाडीला जो हिसका बसायचा, प्रवाशांच्या पोटात जो गोळा यायचा, तो भराव खचल्याचा नव्हता. तो ह्या लोकांनी घाम गाळून उभारलेला उंचवटा होता.

साहेबानं गँगला दगडाशी बोलावलं. म्हातारा न बोलावता आला होता, टोपी हातात घेऊन उभा होता. साहेबानं पहार मागितली, दगडाच्या बुडाशी घातली आणि एका हातानं दाबली. दगड हलला. किडक्या दातासारखा हलला. साहेबाला हसू आवरेना.

"ह्या खुंट्यावर नऊ वर्षं रेल्वे अडवून ठेवली? कुणाचं हे डोकं?"

गँगमधली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कुणीच म्हाताऱ्याकडे बघितलं नाही, आणि त्यामुळंच साहेबाला कळलं.

"तुमचं का, आजोबा? अहो, निदान खाली काय आहे ते तरी बघायचं!"

"चुकलं, साहेब," म्हातारा म्हणाला. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यानं हा शब्द कुणापुढं उच्चारलेला कुणी ऐकला नव्हता. चावीवालीनं मान वळवली. तिला मनापासून लाज वाटली, त्याची नाही, स्वतःची. पण पाट्या निघतील, असंही तिला त्याच क्षणी वाटलं.

पाट्या निघाल्या नाहीत. एक आठवडा गेला, दोन गेले, ठोकणी चालूच. शेवटी ती स्टेशनात मास्तरांकडे गेली. मास्तर जुना माणूस, तिच्या नवऱ्याच्या तेराव्या दिवशी घरी येऊन गेलेला. त्यानं तिला बाकावर बसायला सांगितलं आणि वेळापत्रकाचा मोठा कागद टेबलावर उलगडला.

"हे बघ, ताई. आपली पॅसेंजर इथून नऊ दहाला सुटते. पुढं नऊ अठ्ठेचाळीसला पोचते. नऊ पन्नासला समोरून एक्सप्रेस येते. मार्ग एकच. एक्सप्रेस आल्याशिवाय पॅसेंजर पुढं जाऊच शकत नाही. आता पाट्या काढल्या तर ती साडेनऊलाच पोचेल, आणि करेल काय? वीस मिनिटं तिथं उभी राहील. उभ्या गाडीतले लोक ओरडतात, उतरतात, तक्रारी लिहितात. हळू चालणाऱ्या गाडीतले ओरडत नाहीत. त्यांना वाटतं, जातोय आपण."

"म्हणजे?"

"आणखी ऐक. मागं कुठं गाडीला दहा-पंधरा मिनिटं उशीर झाला, तर तो इथं भरून निघतो. ड्रायव्हर जरा रेटतो, पाटीकडे काणाडोळा करतो, आणि पुढच्या स्टेशनात गाडी बरोबर वेळेवर. वरच्यांना तेवढंच दिसतं. सगळ्या मार्गावर अशी ढिली जागा दुसरी नाही. ती कोण सोडेल? साहेबांचा कागद वर गेला होता. वरून आला, वेळ आहे तीच ठेवा."

"बरं. हळू जाऊ दे गाडी. मग ठोकणी तरी बंद करा."

मास्तरनं चष्मा काढून पुसला. "हळू जायला कागदावर कारण लागतं. कारण म्हणजे भराव खचतोय. भराव खचतोय तर आकडा लागतो, आणि आकडा चढला तर ठोकणी झालेली दिसावी लागते."

"नुसती वहीत लिहू."

"तपासणीला कुणी आलं आणि खडीला हात लागलेला दिसला नाही, तर नोकरी कुणाची जाईल? माझी नाही. तुझी."

ती कागदाकडे बघत राहिली. तिरप्या रेघा, प्रत्येक गाडीची एक. तिच्या पट्ट्यात पॅसेंजरची रेघ जवळजवळ आडवीच झाली होती.

"वरच्यांना हे माहीत होतं?" तिनं विचारलं. "नवरा गेला तेव्हा?"

"कुणाला काय माहीत होतं, ताई," मास्तर म्हणाला. "गाडी वेळेवर होती त्या दिवशी."

घरी येऊन तिनं हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. दिरानं ऐकलं आणि फुटके तळवे मांडीवर पालथे ठेवले. म्हातारा जेवत होता. तो जेवत राहिला, ताट चाटूनपुसून साफ केलं आणि हात धुतला. ती त्याच्या अंगावर पांघरूण घालायला गेली तेव्हा तो म्हणाला, "साहेबानं दगड परत नीट बसवला का?"

"हो. होता तसाच."

"तसाच," म्हातारा म्हणाला.

सकाळी उठली तेव्हा बाज रिकामी होती. किती दिवसांनी काहीतरी आत हललं. ती तशीच, हातोडा न घेता, रुळाच्या कडेनं धावत सुटली. दगडाशी तो नव्हता. मोरीखाली नव्हता. तो वळणाच्याही अलीकडे होता, झेंडीवाला आणि गँग ह्यांच्या बरोबर मध्ये, जिथून दोन्हीकडचं दिसतं तिथं. निवृत्त माणसाला झेंडी कोण देणार? नुसताच उभा होता, काठी खडीत रोवून, येणाऱ्या गाडीच्या दिशेला तोंड करून.

"आबा, घरी चला. भिजाल."

"तू तुझं काम कर. त्यांना वाकू दे. मी बघतो."

नऊ दहाची पॅसेंजर आली. वळणावरून शिट्टी आली ती पावसात विरून गेली, पण म्हाताऱ्यानं दोन्ही हात वर केले आणि फुप्फुसं फुटतील असा ओरडला, "गाडीऽऽ!" दिरानं दांडा टाकला, बाकीचे बाजूला झाले, सगळे खडीखाली उतरून उभे राहिले. गाडी माणसाच्या चालीनं त्यांच्या पुढून जायला लागली. म्हातारा जवळच होता. एका खिडकीतून चाळिशीतला एक माणूस बाहेर डोकावला, हातातल्या घड्याळाकडे बघत, वैतागलेला.

"काय हो बाबा, ही गाडी रोज इथं अशी मेल्यासारखी का चालते?"

म्हातारा काठी टेकत खिडकीच्या बरोबरीनं चालायला लागला. त्याला धाप लागली होती.

"मी दगड चुकीचा रोवला," तो म्हणाला. "ऐन उन्हाळ्यात रोवला. कातळ लागला असं वाटलं."

"काय?"

"माझा मुलगा इथं गेला. त्या मोरीपाशी."

माणसानं डोकं आत घेतलं. आत कुणाला तरी काही म्हणाला, कुणीतरी हसलं, आणि खिडकीची झडप खाली पडली. म्हातारा आणखी चार-सहा पावलं त्या बंद खिडकीबरोबर चालला. मग गाडी पुढं गेली, शेवटचा डबा गेला, आणि तो वळून आपल्या जागेवर परत आला.

चावीवाली गँगजवळ उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या घरातलं माणूस हे मोठ्यानं बोललं होतं, आणि तेही एका अनोळखी खिडकीपाशी. तिचा चेहरा पावसानं ओला होता, तेव्हा काही कळायचा प्रश्न नव्हता.

"लागा रे कामाला," म्हातारा तिकडून ओरडला. "अकराची मालगाडी आहे. मी आहे इथं."

दिरानं दांडा उचलला. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. ती तिथं जाऊन उभी राहिली, दुसरा दांडा तिनं घेतला, आणि दोघं वाकून न खचलेल्या रुळाखाली खडी ठोकायला लागले.